घरात मृत्यू झाल्यानंतर करावयाची कामे: नाशिककरांसाठी क्रमवार माहिती

घरातील माणूस गेल्यावर पहिल्या तासाभरातच फोन सुरू होतात आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक काम सांगून जातो. बँकेत आधी कळवा, सातबाऱ्याचे बघा, खाते बंद होण्यापूर्वी एटीएममधून पैसे काढून घ्या. यातला शेवटचा सल्ला सरळ चुकीचा आहे आणि पहिले दोन बरोबर असले तरी त्यांची वेळ ती नव्हे. वडील गेले तेव्हा मी सगळ्यांचे ऐकले आणि पाच-सहा महिने हेलपाटे घातले. दोन वर्षांनी मामा गेले तेव्हा तीच कामे निम्म्या फेऱ्यांत झाली, कारण कोणते काम कोणत्या कागदावर अडते हे तोवर कळले होते. पहिल्यांदाच हे करावे लागणाऱ्यांसाठी तो क्रम येथे देत आहे.

पहिले काही तास

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, रुग्णालय देते. मृत्यू घरी झाला असेल तर आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे आणि त्यांच्याकडून नमुना ४-अ घ्यावा. घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूस असेल तर 'वेळ आली तर तुम्ही याल ना' एवढे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. विचारणे अवघड वाटते, परंतु रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर शोधत फिरणे त्याहून अवघड असते आणि ज्याने रुग्णाला कधी पाहिलेले नाही असा डॉक्टर दाखला द्यायला कचरतो, त्यात त्याची चूकही नसते.

अपघात, पडून झालेली इजा, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या किंवा संशयास्पद परिस्थितीत मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात आणि शवविच्छेदन होते. नाशिक शहरात त्यासाठी बहुधा त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात जावे लागते. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच प्राण गेलेला असेल तरीही पुष्कळदा हाच मार्ग घ्यावा लागतो. नातेवाइकांना ती विटंबना वाटते आणि 'कशाला चिरफाड' म्हणून ते टाळण्याची खटपट करतात. पुढे अपघात विम्याचा दावा करताना मात्र पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हेच कागद मागितले जातात, हे त्या क्षणी कोणी तरी शांतपणे सांगायला हवे.

नेत्रदान करायचे असेल तर हाताशी साधारण सहा तास असतात. पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला फोन करावा. त्यांची माणसे घरी येतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. देहदानाची इच्छा असेल तर आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी संपर्क साधावा लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराने गेलेल्याचा देह सहसा स्वीकारला जात नाही. मृताने अर्ज भरून ठेवला असला तरी प्रत्यक्षात देह सोपवणारे वारसच असतात, त्यामुळे घरात एकमत असणे अर्जापेक्षा महत्त्वाचे ठरते.

अंत्यसंस्कार

पंचवटी, नाशिकरोडजवळचे दसक, सिडकोतील मोरवाडी अशा ठिकाणी महापालिकेची अमरधामे आहेत आणि महापालिकेच्या मोफत अंत्यसंस्कार योजनेतून लाकडांसह साहित्य मिळते. जाण्यापूर्वी डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत आणि मृताच्या व नेणाऱ्या नातेवाइकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स खिशात ठेवावी. तेथील नोंदवहीत नाव लिहिले जाते, त्याची पावती घ्यावी आणि ती सांभाळण्याचे काम तिरडीला खांदा न देणाऱ्या कोणावर तरी सोपवावे. आमची पावती वडिलांच्या अंत्ययात्रेत ज्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, तो घरी येऊन सदऱ्यासह आंघोळीला बसला. दफन करणाऱ्या कुटुंबांनी कब्रस्तानाची किंवा दफनभूमीची पावती अशाच रीतीने जपावी. पुढची सर्व सरकारी कामे सर्व धर्मीयांना सारखीच आहेत, फरक पडतो तो वारसाहक्काच्या कायद्यात.

मृत्यूची नोंद आणि दाखला

यापुढचे प्रत्येक काम मृत्यूच्या दाखल्यावर उभे असते, म्हणून सर्वाधिक काळजी येथे घ्यावी.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयातील मृत्यू रुग्णालयाने कळवायचा असतो आणि घरी झालेला मृत्यू कुटुंबाने. २१ दिवस उलटल्यावर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. २०२३ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्यावी.

नोंद होते ती मृत्यू जेथे घडला तेथे, राहत्या गावी नव्हे. सुरगाणा, कळवण, पेठ, येवला येथून रुग्ण उपचारासाठी नाशिकला आणतात, येथे मृत्यू होतो, देह गावी नेऊन अंत्यसंस्कार होतात आणि मग कुटुंब ग्रामपंचायतीत दाखला मागत बसते. तो तेथे मिळत नाही. मृत्यू शहराच्या हद्दीत झाला असेल तर नोंद नाशिक महापालिकेकडेच असते. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक अशा सहा विभागांपैकी रुग्णालय कोणत्या विभागात येते, हे रुग्णालयातूनच विचारून घ्यावे, म्हणजे शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या मुख्यालयात, जाऊन पुन्हा उलटे यावे लागत नाही.

आता नावाविषयी. रुग्णालयात मृत्यूची माहिती भरण्याचे काम रात्रपाळीच्या कोणा कर्मचाऱ्याकडे असते आणि माहिती सांगणारा बहुधा पुतण्या किंवा शेजारी असतो, कारण मुले रडत असतात. आमच्या बाबतीत आजोबांचे नाव भिकाजी होते, ते कोणी तरी भिमाजी ऐकले आणि वडिलांच्या दाखल्यावर तसेच छापून आले. एका अक्षराच्या दुरुस्तीला चार महिने लागले आणि तोवर बँक, विमा व तलाठी कार्यालय ही तिन्ही दारे बंद राहिली. म्हणून तोंडी माहिती देऊच नये. आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी, भरलेला अर्ज मागून घ्यावा आणि नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, वय, पत्ता व मृत्यूची तारीख अक्षरन् अक्षर वाचून पाहावी. मध्यरात्रीनंतर मृत्यू झाला असेल तर तारखेकडे विशेष लक्ष द्यावे.

मृत स्त्री असेल तर जुन्या कागदांवर माहेरचे नाव असण्याची शक्यता मोठी असते. सातबाऱ्यावर गंगूबाई, आधारवर गंगाबाई आणि बँकेत गंगुबाई असा प्रकार तर घरोघरी आढळतो. अशा वेळी दाखल्यावर आधारप्रमाणे नाव घ्यावे आणि उरलेल्या नावांसाठी 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. दाखल्याच्या मूळ प्रती एकदमच दहा-बारा घ्याव्यात. विमा कंपनी एक ठेवून घेते, भविष्य निर्वाह निधी कार्यालय दुसरी, आणि प्रत्येक वेळी नव्याने रांग लावण्यात अर्थ नसतो.

अस्थी आणि दहावा

नाशिककरांना अस्थी घेऊन दूर जावे लागत नाही. रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात विसर्जनासाठी देशभरातून लोक येतात, आपण रिक्षाने जातो. सकाळी लवकर जावे, वाहन रामकुंडाच्या जवळ नेण्याचा हट्ट धरू नये आणि पुरोहितांशी दक्षिणा व साहित्याचा खर्च आधीच बोलून घ्यावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, पुरोहितही स्पष्टच सांगतात.

या भेटीतून एक अनपेक्षित उपयोग होऊ शकतो. नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळीच्या चोपड्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी कापडात बांधलेली चोपडी सोडतात, बोट फिरवत पान काढतात आणि पूर्वी कोण कोणाच्या नावाने येथे येऊन गेले ते वाचून दाखवतात. मामांच्या वेळी त्या पानावर पणजोबांची सही मोडीत होती, आणि त्यांच्या सहीखाली आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नसलेल्या त्यांच्या एका भावाचे नाव होते. ती चोपडी न्यायालयात वारसाचा दाखला म्हणून थेट चालेल असे समजू नये, परंतु वंशावळ लिहून काढताना तिचा आधार मोठा होतो. आपलेही नाव त्यात लिहून यावे.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे गोदाकाठी थांबतात. त्या तासाभरात भाऊबंद जमिनीचे विषय काढतात, असा माझा अनुभव आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तेराव्यानंतर: फाइल, पासबुक आणि फोन

तेराव्यापर्यंत मृत्यूच्या नोंदीखेरीज दुसऱ्या कोणत्याही कागदाच्या मागे लागू नये. याला दोन अपवाद आहेत. पहिला निवृत्तिवेतनाचा. मृत व्यक्तीला निवृत्तिवेतन मिळत असेल तर बँकेला किंवा कोषागाराला लगेच कळवावे, कारण मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत द्यावी लागते आणि पती किंवा पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्यासाठीही हीच सूचना लागते. दुसरा अपवाद शेतकरी कुटुंबांचा. शेतकऱ्याचा मृत्यू वीज पडून, बुडून, सर्पदंशाने किंवा रस्ता अपघातात झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. त्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. निफाड-दिंडोरीकडच्या कित्येक घरांत ही योजना दिवस उलटून गेल्यावर कळते.

त्यानंतर घरातील एकाच व्यक्तीने एक फाइल करावी. दाखल्याच्या प्रती, मृताचे व सर्व वारसांचे आधार व पॅन, पासबुके, विम्याची पत्रे, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड त्यात असावे. कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला काय दिले हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहीत जावे आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी.

मृताचे पासबुक गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचावे. मागच्या दोन वर्षांच्या नोंदींवर बोट ठेवून खाली येत गेले की आपल्याला न सांगितलेले पुष्कळ काही कळते: पतसंस्थेचा हप्ता, विम्याचा हप्ता, कोणाला दिलेले उसने. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असते आणि २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. पहिलीत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला आणि दुसरीत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. मामांच्या पासबुकातली ४३६ रुपयांची ओळ मामींनी 'बँकेचा काही तरी चार्ज' म्हणून सोडून दिली होती.

मृताचा मोबाइल बंद करू नये आणि त्याचे रिचार्ज चालू ठेवावे. बँकेचे संदेश, विम्याची स्मरणपत्रे, वीजबिल आणि म्युच्युअल फंडाची विवरणे त्याच क्रमांकावर येतात, आणि घरच्यांना ठाऊक नसलेली खाती बहुधा त्यातूनच सापडतात.

बँक आणि पतसंस्था

मृत व्यक्तीचे एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नयेत, मग ते अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी असोत किंवा आईच्या हाती देण्यासाठी. एका वारसाने काढलेले पैसे दुसऱ्या वारसाच्या तक्रारीचे कारण होतात आणि व्यवहाराची तारीख मृत्यूच्या नंतरची असल्याने बचावाला जागा राहत नाही.

खाते संयुक्त असून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सूचना असेल तर हयात खातेदाराला रक्कम मिळते. नामनिर्देशन असेल तर नामनिर्देशित व्यक्तीला मिळते, मात्र ती व्यक्ती त्या पैशाची मालक ठरत नाही. वारसांच्या वतीने ती रक्कम स्वीकारत असते. हा फरक न कळल्याने भावाभावांत वितुष्ट येते. वडिलांच्या वेळी एका बँकेने नामनिर्देशन असूनही आमच्याकडे न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागितला होता आणि अज्ञानाने आम्ही वकिलाकडे धावलो होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार नामनिर्देशित किंवा हयात खातेदाराकडून असा दाखला मागता येत नाही. नामनिर्देशन नसेल तरी १५ लाखांपर्यंतचे आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचे दावे हमीपत्र व इतर वारसांची ना-हरकत अशा सोप्या कागदांवर निकाली काढायचे आहेत. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर व्याजासह भरपाईची तरतूद आहे. म्हणून सर्व कागद एकदम द्यावेत आणि पोहोच तारखेसह घ्यावी.

पतसंस्थांना मात्र रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेथे अडले तर उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज करावा. पतसंस्थेत गेल्यावर मृत व्यक्ती कोणाला जामीन राहिली होती का, हेही विचारावे. उत्तर नकोसे असू शकते, पण ते नोटीस येण्यापूर्वी कळलेले बरे. कर्ज असेल तर त्यासोबत विमा काढला होता का ते पाहावे. गृहकर्ज देताना असा विमा पुष्कळदा काढलेला असतो आणि कुटुंब मात्र हप्ते भरत राहते.

विमा आणि भविष्य निर्वाह निधी

आयुर्विम्यासाठी मूळ पॉलिसी, दाव्याचा अर्ज, दाखला आणि वारसदाराचे बँक तपशील लागतात. पॉलिसीला तीन वर्षे झालेली नसतील तर चौकशी अधिक होते, त्याने घाबरू नये. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरीवर असताना मृत्यू झाला असेल तर भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, कुटुंब निवृत्तिवेतन आणि ठेवसंलग्न विमा असे तीन वेगवेगळे हक्क मिळतात. शेवटच्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे आणि विसरला जातो तोही नेमका शेवटचाच. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे तिन्हींची नावे घेऊन विचारणा करावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर तहसील कार्यालयात राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेसाठी अर्ज करावा, त्यातून २० हजार रुपये मिळतात.

जमीन आणि घर

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस असतात व त्यांचा वाटा सारखा असतो. यातील आई नेहमी राहून जाते. तरुण मुलगा गेला की सून आणि नातवंडे यांचीच नावे लागतात, आणि घरातल्या कोपऱ्यात माळ ओढत बसलेली म्हातारी कायद्याने तितकीच वारस असते हे तलाठ्याने विचारल्यावर कळते. विवाहित मुलींनाही वगळता येत नाही. इतर धर्मीयांनी त्यांना लागू असलेला कायदा वकिलाकडून समजून घ्यावा.

शेतजमिनीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, वारसांची माहिती द्यावी. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, धरला जातो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर नावे लागतात. आजोबांच्या नावावरच राहिलेल्या जमिनी खात्यावर आणण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली, यावरून हे काम किती घरांत पडून राहते याची कल्पना यावी. वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. नावे लागली तरी जमीन सामाईकच राहते.

शहरात प्रॉपर्टी कार्डावरील नोंद नगर भूमापन कार्यालयात होते, घरपट्टीवरील नाव महापालिकेच्या विभागीय कार्यालयात बदलते आणि फ्लॅट असेल तर सोसायटीकडे अर्ज करावा लागतो. घरपट्टीवर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली असे नाही. मृत्युपत्र असेल तर त्यासाठी नाशिकमध्ये प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेणे सक्तीचे नाही. वारसांत वाद असेल किंवा एखादी संस्था दाखला मागतच असेल, तर सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जंगम मालमत्तेसाठी उत्तराधिकार दाखला आणि स्थावरासाठी वारस दाखला असे दोन वेगळे अर्ज असतात. कोणता हवा ते वकील करण्यापूर्वीच ठरवावे.

आता दहाव्याच्या घाटावरील त्या विषयाकडे. बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची घाई दुखवट्यातच होते, कारण तेव्हा सगळ्या जमलेल्या असतात आणि कोणी नाही म्हणत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवले की सहजासहजी फिरवता येत नाही. ज्यांना हक्क सोडायचा आहे त्यांनी तो खुशाल सोडावा, परंतु वारसनोंदीत आधी सर्वांची नावे लागू द्यावीत आणि सही काही महिन्यांनी, कागद घरी नेऊन वाचल्यानंतर करावी. घाई करणाऱ्या भावाला हे आवडणार नाही.

उरलेली कामे

वाहन एमएच-१५ चे असो वा दुसरे कोणते, मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ते वारसाच्या नावे करावे. विम्याची पॉलिसीही त्याबरोबर बदलावी, कारण अपघात झाल्यास मृताच्या नावावरची गाडी डोकेदुखी ठरते. गॅस, महावितरण आणि पाणीपट्टी यांवरील नावे सवडीने बदलली तरी चालतात. रेशनकार्डावरील नाव कमी करावे आणि मतदार यादीसाठी नमुना ७ भरावा.

मृत व्यक्तीचे त्या वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र भरायचे असेल तर वारसाने प्राप्तिकर संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी. परतावा येणे असेल तर तोही त्यातूनच मिळतो. हे संपेपर्यंत पॅन परत करू नये. त्यानंतर माय-आधार संकेतस्थळावर कुटुंबातील मृत्यू कळवण्याची सोय आहे, तेथे मृत्यू दाखल्याचा क्रमांक देऊन आधार बंद करावे. मोबाइलचे सिम मात्र या सगळ्यानंतर बंद करावे. वडिलांच्या फोनवर शेवटचा उपयोगी संदेश सात महिन्यांनी आला, एका पतसंस्थेतील मुदत ठेव पूर्ण झाल्याचा, आणि त्या ठेवीची पावती आजही आम्हाला घरात सापडलेली नाही.